सोवळं नको म्हणणारा मुलगा

‘मॅडम, आमचा मुलगा गणपतीला सोवळं नेसायला तयार नाही. आमच्यानंतर हे सगळं बुडणार का?’ श्रावण लागला की ही काळजी घेऊन कोणी ना कोणी माझ्याकडे समुपदेशनाला येतंच. कधी तक्रार सुनेच्या नऊवारीची असते, कधी मुलाच्या कदाची, म्हणजे पूजेला नेसायच्या रेशमी वस्त्राची. गुहागर तालुक्यातल्या एका घराची हकिगत सांगते. त्यांना विचारूनच, आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.

मुलगा 14 वर्षांचा. मुंज झालेली, संध्या पाठ. आजोबांना गुडघ्यांमुळे मांडी घालता येत नाही, म्हणून दोन वर्षांपासून चतुर्थीच्या पूजेला नातू बसायचा. यंदा त्याने साफ नाही सांगितलं. ‘मोबाइलने नासवलंय,’ वडील म्हणाले. आजोबा गप्प होते. त्यांना ते फारच लागलं होतं.

मी मुलाशी एकट्याशी बोलले. देवावर त्याचा राग मुळीच नव्हता. आरत्या, झांजा, रात्रीचं भजन, सगळं हवं होतं. बऱ्याच वेळाने खाली बघत म्हणाला, ‘उघडं बसायला लागतं ना.’ वयात येताना त्याची छाती थोडी वाढली होती. गेल्या वर्षी पूजेचा फोटो घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडला, चुलत भावांनी त्यावर हसून घेतलं, आणि तेव्हापासून हा पोहायलाही जात नव्हता. रात्रीचं जेवण टाळत होता. घरात कोणाच्याच हे ध्यानात आलं नव्हतं.

वयात येताना जवळजवळ निम्म्या मुलग्यांची छाती अशी थोडी वाढते. हार्मोन्सचा तोल त्या काळात बदलत असतो. बहुतेकांचं सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप ओसरतं. गाठ कडक लागली, एकाच बाजूला वाढत राहिली किंवा स्राव आला तर मात्र लगेच डॉक्टर गाठायचा. याला आम्ही तरीही दाखवून आणलं. डॉक्टरांनी ‘काही नाही, जेवत जा’ म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला.

राहिला सोवळ्याचा प्रश्न. वडिलांच्या मनात सोवळं म्हणजे उघडं अंग, एवढंच बसलं होतं. आजोबांनी त्यांना थांबवलं. सोवळं म्हणजे न शिवलेलं, धुऊन कोणाचा स्पर्श न होता वाळवलेलं वस्त्र. ‘भादव्यात आपल्याकडे पंचा वाळतो कुठे? म्हणून रेशमी कद, नाहीतर लोकरीची धाबळी.’ आणि एका वस्त्रानिशी पूजेला बसू नये हा जुनाच दंडक. कदाबरोबर उपरणं असतं ते त्यासाठीच. ते दोन्ही खांद्यांवरून घेतलं तर चालेल का, हे गुरुजींना विचारा, असं मी म्हटलं. गुरुजी म्हणाले, खुशाल घे.

मुलाची आणखी एक भीती होती: रेशीम कमरेवरून सरकतं. मग श्रावणभर आजोबांनी त्याला सुती पंच्यावर निऱ्या घालायला, कासोटा खोचायला शिकवलं. त्याआधी कोणी शिकवलंच नव्हतं, ऐनवेळी दोघे जण धरून नेसवायचे! मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आपण मुलांकडून वेशाची अपेक्षा करतो, पण नेसायला शिकवायला वेळ काढत नाही. वडिलांना मी एकच काम दिलं. पूजा चालू असताना फोटो नकोत, असं ग्रुपवर त्यांनी स्वतः लिहायचं, मुलाचं नाव न घेता. त्यांनी लिहिलं.

चतुर्थीला तो कद नेसून, उपरणं घेऊन प्राणप्रतिष्ठेला बसला. संध्याकाळच्या आरतीला टीशर्टवर आला. काका कुरकुरले, वडील म्हणाले, ‘पूजा सोवळ्यात झाली ना, आता असू दे.’ काकांचा पारा अजून उतरलेला नाही. पुढच्या भेटीला त्यांनाही घेऊन या, असं मी सांगितलंय.