पाणी द्यायचं, पण तेलात

प्रश्न: भंगारातल्या जुन्या कानशीची सुरी केली. तीन रविवार घासून आकार दिला, कोळशाच्या भट्टीत लाल केली आणि बादलीभर पाण्यात बुडवली. ‘टिंग’ असा आवाज आला. बाहेर काढली तर धारेपासून पाठीपर्यंत तडा. मग चिडून एका सळईची केली. ती तडकली नाही, पण तिची धार दोन दिवसही टिकत नाही. माझं चुकतंय कुठे?

उत्तर: तो ‘टिंग’ माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. टूलरूममध्ये हत्यारांना पाणी देण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, तरी तो ऐकला की अजून पोटात खड्डा पडतो.

घोटाळा थोडा आपल्या शब्दाचाही आहे. पोलाद तापवून, झटक्यात थंड करून कडक करण्याला आपण ‘पाणी देणे’ म्हणतो, म्हणून माणूस पाण्याकडेच धावतो. कानशीच्या पोलादात साधारण 1 टक्का कार्बन असतो. असं पोलाद लाल करून झटक्यात थंड केलं की त्याची आतली घडण बदलते, ते कडक होतं आणि होताना किंचित फुगतं. पातळ धार आधी बदलते, जाड पाठ मागून. पाण्यात हे इतकं घाईत होतं की त्या ओढाताणीत पातं फाटतं. आणि एक विचारतो: शोभा म्हणून कानशीचे दात पाठीवर ठेवले होते का? बरेच जण ठेवतात. प्रत्येक दाताच्या मुळाशी तड्याला आयती वाट मिळते. ते आधी पुरते घासून काढा.

पुढच्या वेळी धार आधीच पातळ करू नका, मिलिमीटरभर जाडी राहू द्या. पाण्याऐवजी तेल घ्या आणि ते 50-60 अंशांपर्यंत कोमट करा. भांडं लोखंडी, खोल आणि झाकणाचं हवं. प्लास्टिकची बादली चुकूनही नको, भडका उडतो. काम उघड्यावर करा, पण पातं सावलीत तापवा. उन्हात लाल रंग फसवतो, म्हणून लोहचुंबक जवळ ठेवा. साधारण 770 अंशांना पोलादाला चुंबक धरत नाही. त्यानंतर रंग एक छटा उजळू द्यायचा, बस. पिवळं होईपर्यंत तापवलंत तर आतले कण वाढतात आणि पातं ठिसूळ होतं. मग टोक खाली करून सरळ तेलात. हलवायचं तर धार-पाठ या दिशेने. आडवं हलवलंत की वाकलंच.

बाहेर काढल्यावर त्यावर दुसरी कानस फिरवून पाहा. काचेवरून घसरावी तशी घसरली तर पाणी चढलं. पण काम इथे संपत नाही. एकदा थकलो म्हणून तसंच पातं व्हाइसवर ठेवून झोपलो. सकाळी त्याला आपोआप तडा गेलेला होता. म्हणून त्याच दिवशी 200 अंशांच्या ओव्हनमध्ये दोन-दोन तास, दोनदा. घासून चकचकीत केलेल्या जागेवर गवती पिवळा रंग आला की समजा जमलं.

खरं तर नवख्याला मी भट्टीच पेटवू देत नाही. चांगली कानस मुळातच कडक असते. तिला नुसतं ओव्हनमध्ये ठेवायचं आणि मग ग्राइंडरवर हळूहळू आकार द्यायचा. हातमोजा नको, बोटांना चटका लागला की पातं पाण्यात बुडवा. हो, इथे पाणी चालतं! निळा डाग दिसला तर ती जागा 300 अंशांच्या आसपास गेली आणि मऊ पडली.

आता सळई. साध्या सळईत कार्बन इतका कमी असतो की तिला तेलात बुडवा नाहीतर पाण्यात, धार धरण्याइतकी ती कडक होणारच नाही. तीन रविवार घालवण्याआधी बोटभर तुकडा कापा, लाल करून तेलात बुडवा, फडक्यात गुंडाळून व्हाइसमध्ये धरा आणि हातोडा मारा. डोळ्यांवर चष्मा हवाच. वाकला तर टाकून द्या. कटकन मोडला आणि मोडलेली जागा राखाडी, मखमलीसारखी बारीक दिसली तर माल चांगला. वाळूसारखे चमकते कण दिसले तर माल बरा, पण तुम्ही जास्त तापवलात.

प्रश्न: गाडीच्या कमानीचा पाटा घ्यावा की बेअरिंगची कडी?

उत्तर: पाटा. त्यात साधारण 0.6 टक्के कार्बन असतो, तेलात छान पाणी घेतो, चुका पोटात घालतो. बेअरिंगचं पोलाद उत्तम, पण कडी सरळ करताना हात भरून येतात. फक्त जुना पाटा घेताना नीट घासून चिरा शोधा. वर्षानुवर्षं वाकून त्यात सहज दिसणार नाहीत अशा चिरा पडलेल्या असतात. आणि जस्ताचा किंवा क्रोमचा मुलामा असलेला कुठलाही तुकडा भट्टीत घालू नका, ग्राइंडरलाही लावू नका. जस्ताच्या धुराने रात्री हुडहुडी भरून ताप येतो, क्रोमचा त्याहून वाईट.