जॅझ ऐकायला आवडतं, पण सोलो सुरू झाला की हरवायला होतं. खोलवर ऐकायला कसं शिकावं? तुमच्या आवडत्या रेकॉर्ड्स कोणत्या?

मूळ चाल सोडू नका, एवढंच माझं मुख्य सांगणं आहे.

जॅझच्या बऱ्याच रेकॉर्ड्समध्ये आधी चाल वाजते, मग एकेक वादक सोलो घेतो आणि शेवटी चाल परत येते. ऐकणाऱ्याला वाटतं, मधे चाल संपली आणि आता ज्याला जे सुचेल ते तो वाजवतोय. पण चालीचा सांगाडा, म्हणजे तेवढेच बार (ठराविक मात्रांचे तुकडे) आणि तेच कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर), बेस (खालच्या सुरांचं मोठं तंतुवाद्य) आणि पियानोवर आवर्तनामागून आवर्तन फिरतच असतो. सोलो त्यावर उभा असतो. म्हणून सोलो चालू असताना मूळ चाल मनात गुणगुणत राहायची. सुरुवातीला ती सुटतेच. नवं आवर्तन सुरू होताना ड्रमर बहुतेक वेळा काहीतरी इशारा देतो, तिथे पुन्हा पकडायची.

याच्या सरावासाठी ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' (१९५९) मधलं 'सो व्हॉट' घ्या. यात चाल बेसवर आहे. पॉल चेंबर्स एक ओळ वाजवतो आणि बाकीचे दोन कॉर्डनी तिला उत्तर देतात. आवर्तन ३२ बारांचं: १६ बार एका जागी, पुढचे ८ अर्ध्या स्वराने वर, शेवटचे ८ परत खाली. ती वर सरकण्याची जागा कानाला कळली की सोलोतही ती येताना ऐकू येते. माइल्स दोन आवर्तनं घेतो, मग सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन दोन, कॅननबॉल अ‍ॅडर्ली दोन, आणि बिल इव्हान्स पियानोवर एकच. मोजत ऐका. तीच जागा माइल्स किती थोड्या सुरांत पार करतो आणि कोल्ट्रेन ती किती भरून टाकतो, हा फरक मला अजूनही थक्क करतो.

मग 'बॉडी अँड सोल'. आधी बिली हॉलिडेने १९४० मध्ये गायलेलं ऐका, चाल पाठ होईपर्यंत. त्यानंतर कोलमन हॉकिन्सचं १९३९ चं. सुरुवातीचे थोडे बार सोडले तर हॉकिन्स ती चाल जवळजवळ वाजवतच नाही. तीन मिनिटांची ही रेकॉर्ड नुसती ऐकली तर सुंदर सॅक्सोफोन ऐकू येतो. चाल मनात धरून ऐकली तर तो कोणत्या शब्दाजवळून वळला, कुठे मुद्दाम उशिरा पोचला, ते सगळं दिसायला लागतं. माझ्या मते खोलवर ऐकण्याचा यापेक्षा चांगला धडा नाही.

हे जमायला लागलं की पुढचं वाद्य सोडून मागचं ऐका. बिल इव्हान्सची 'संडे अ‍ॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड' ही रेकॉर्ड २५ जून १९६१ ला न्यूयॉर्कच्या क्लबमध्ये लोकांसमोर झाली. मधूनमधून ग्लासांची किणकिणही ऐकू येते. ती लावून एकदा फक्त स्कॉट लाफारोचा बेस ऐका. तो ताल धरून मागे थांबत नाही, पियानोशी बोलतो, मधेच त्याचं वाक्य पुरं करतो. त्यानंतर अकराच दिवसांनी मोटार अपघातात तो गेला, वय अवघं पंचवीस. हे कळल्यापासून ती रेकॉर्ड दुसरं काही करता करता लावणं मला जमत नाही.

ड्रम्ससाठी सनी रॉलिन्सची 'सॅक्सोफोन कोलॉसस' (१९५६). त्यातलं 'ब्लू सेव्हन' १२ बारांच्या छोट्या आवर्तनाचं ब्लूज आहे, म्हणजे मोजायला सोपं, आणि मॅक्स रोचचा ड्रम सोलो तर गुणगुणता येईल इतका सुरेल वाटतो.

कोल्ट्रेनची 'अ लव्ह सुप्रीम' मला फार जवळची, पण ती मी कुणालाच आधी सुचवत नाही. चार सुरांची एक छोटी ओळ बेसवर येते आणि कोल्ट्रेन ती एकामागून एक पट्ट्यांमधून फिरवतो. वरच्या रेकॉर्ड्सवर कान तयार झाला की मगच ती ओळ कशासाठी फिरत चाललीय, ते पोचतं.

आणखी एक. मी आणि माझी एक मैत्रीण एकमेकींना रेकॉर्ड सुचवताना नुसतं नाव देत नाही, 'दुसऱ्या आवर्तनात पियानो ऐक' असं सांगतो. तिच्यामुळे मला ड्रम्स ऐकू यायला लागले. असं कुणी मिळालं तर बघा.