लिकुआला: आधी कोंब बघ

बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या लिकुआला पामचे फोटो बघितले. पानाची कड करपली म्हणून आठ दिवसांत तू कुंडी बदललीस, खत घातलंस, पाणी दुप्पट केलंस आणि वर झाड उचलून हॉलमध्ये ठेवलंस. आता बिघडलं कशाने, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. हात लावण्याआधी मधला कोंब बघायचा होतास.

हा पाम मूळचा प्रशांत महासागरातल्या वानुआतू आणि सॉलोमन बेटांकडचा. मोठ्या झाडांखालच्या सावलीत, दमट हवेत वाढणारा. त्याला खोड एक आणि शेंडाही एकच. केळीसारखी बाजूने पिल्लं फुटत नाहीत, म्हणून मिटलेल्या पंख्यासारखा तो कोंब बुडापासून मेला की झाड गेलं. तो हिरवा आणि ताठ असेल तर खालच्या दोन पानांच्या कडा वाळल्या तरी धीर सोडू नकोस.

कड करपायची कारणं साधी असतात. पान अखंड आणि मोठ्या झाडावर तीन फुटांपर्यंत रुंद; शिडासारखं वारा धरतं, फाटतं, वाळतं. पश्चिमेच्या उन्हाने चट्टे पडतात. बोअरचं खारं पाणी किंवा आरओ यंत्रातून वाया जाणारं खारट पाणी घातलंस तर क्षार साचून कड जळते. तेव्हा पूर्वेची बाजू, निम्मं ऊन अडवणारी हिरवी जाळी आणि वाऱ्याला आडोसा हवा. एसीचा झोत तर नकोच. महिन्यातून एकदा गोड पाणी कुंडीच्या मापाच्या तिप्पट ओतून क्षार धुऊन काढ.

पिवळेपणाचंही तसंच. जुनी पानं पिवळी पडून त्यांवर नारिंगी ठिपके दिसले तर पालाश (पोटॅशियम) कमी. जुन्या पानाची कड पिवळी आणि मधला भाग हिरवा असेल तर मॅग्नेशियम कमी. लिटरभर पाण्यात चमचाभर एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) विरघळवून घाल. नवं पानच पिवळट निघालं तर बहुतेक वेळा मुळं गुदमरलेली असतात किंवा रोप खोल लावलेलं असतं. म्हणजे नवं बिघडलंय की जुनं, हे आधी ठरव. पुन्हा सांगतो, कोंब बघ.

आणि ती कात्री ठेव बघू खाली! अर्धपिवळ्या पानातून झाड पालाश काढून कोंबाला देत असतं. ते छाटलंस की त्याच्या वरचं पिवळं पडतं. पान पूर्ण वाळू दे, मग देठाचे काटे सांभाळून काप. माझ्या झाडांवर वाळकी पानं लोंबतात म्हणून लोक मला आळशी म्हणतात. म्हणोत. टापटिपीच्या हौसेपायी मीही झाडं घालवली आहेत, आता कुणाचं ऐकत नाही.

आता कुंडी बदललीच आहेस, तर पुढची दोन वर्षं तिला हात लावू नकोस. पोयटा, कोकोपीट आणि जाड वाळू समभाग, त्यात अर्धा भाग गांडूळखत, एवढं मिश्रण पुरतं. कुंडी आधीच्यापेक्षा दोनच इंच मोठी असावी. फार मोठीत माती ओली राहून मुळं कुजतात. खोडाचा बुंधा मातीत गाडला असशील तर तेवढी माती आजच काढ. वरची इंचभर माती सुकली की तळातून निथळेपर्यंत पाणी दे. खालच्या ताटलीत मात्र साचू देऊ नकोस. खत आता तीन महिने बंद.

उन्हाळ्यात पानामागे बारीक जाळी दिसली तर ती लाल कोळी नावाची बारीक कीड. पानं मागून पाण्याने धू, हवा दमट ठेव.

कोंब हलकेच ओढून बघ. घट्ट असेल तर ठीक. सुटून हातात आला आणि बुडाशी घाण वास आला तर ती कूज. सडका भाग काढ, लिटरभर पाण्यात तीन ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक कालवून शेंड्यात ओत आणि वरून पाणी घालणं थांबव.

घट्ट निघाला तर मार्करने कोंबावर आणि शेजारच्या देठावर एकाच पातळीत आडवी रेघ मार; कोंब वाढला तर त्याची रेघ वर सरकेल. फार हळू वाढणारं झाड आहे, रोज डोकावून काही दिसणार नाही. महिन्याने दोन्ही रेघांचा फोटो पाठव. करपलेल्या पानाचा नको.