नाताळच्या सुट्टीत सहा दिवसांत प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट तिन्ही करावीत का?

तुमचा प्रश्न मी असा समजले: २२ ते २८ डिसेंबर, तुम्ही दोघं, दहा वर्षांची लेक आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई. सगळे शाकाहारी. टूरवाला तीन शहरं एका दमात दाखवतो म्हणतोय, आणि २४-२५ ला सगळं बंद असतं असं ऐकल्यामुळे तुम्ही धास्तावलाय.

फक्त प्राग करा. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही चार नाताळ तिथे काढले, त्यातल्या दोन वेळा माझे आईबाबाही होते. त्यामुळे हे अगदी खात्रीने सांगते.

प्राग ते व्हिएन्ना रेल्वेने चार तास आणि पुढे बुडापेस्ट पावणेतीन. कागदावर हे सोपं दिसतं. पण बॅगा भरायच्या, हॉटेल सोडायचं, नव्या ठिकाणी खोली मिळेपर्यंत सासूबाईंना घेऊन लॉबीत ताटकळायचं, यात प्रत्येक वेळी एक दिवस हातचा जातो. आणि त्या दिवसांत उजाडतं आठच्या सुमाराला, चारला अंधार पडतो. शिवाय व्हिएन्नाच्या टाउन हॉलसमोरची मोठी नाताळजत्रा साधारण २६ डिसेंबरला आटोपते. प्रागच्या ओल्ड टाउन स्क्वेअरमधली ६ जानेवारीपर्यंत चालते, म्हणजे तुमच्या शेवटच्या दिवशीही ती असेल.

आता २४ तारखेचं. प्राग ही झेक देशाची राजधानी, आणि झेक लोकांचा खरा सण २५ ला नसतो, २४ च्या संध्याकाळी असतो. भेटवस्तू सांताक्लॉज आणत नाही, येझीशेक म्हणजे बाळ येशू आणतो. दिवसभर उपास केला तर संध्याकाळी भिंतीवर सोन्याचं डुकराचं पिल्लू दिसतं असं मुलांना सांगतात. तुमच्या लेकीला हे आधीच सांगून ठेवा. दुपारनंतर जो तो घरी जातो. २०१६ च्या कायद्याप्रमाणे दोनशे चौरस मीटरपेक्षा मोठी दुकानं २४ ला दुपारी बारापासून बंद असतात आणि २५, २६ ला पूर्ण दिवस. पहिल्या वर्षी मला हे माहीत नव्हतं. संध्याकाळी सातला आईबाबांना घेऊन जेवायला बाहेर पडले तर आमच्या भागातलं एकही हॉटेल उघडं नाही, ट्रामही कितीतरी वेळ येईना. बाबांना मधुमेह, त्यात कडाक्याची थंडी. शेवटी कोपऱ्यावरच्या व्हिएतनामी माणसाच्या छोट्या दुकानात ब्रेड, चीज, टोमॅटो, केळी मिळाली. अशा दुकानांना तिथे वेचेर्का म्हणतात. ती दोनशे चौरस मीटरच्या अटीत बसत नाहीत आणि बरीचशी सणातही उघडी असतात. आपल्या हॉटेलाजवळची वेचेर्का पहिल्याच दिवशी बघून ठेवा.

म्हणून स्वयंपाकघर असलेली खोलीच घ्या आणि २३ ला सामान भरा. नामेस्ती मीरू चौकाच्या आसपास बघा. तिथल्या चर्चसमोर एक लहानशी जत्रा भरते, बहुतेक गिऱ्हाईक स्थानिकच, आणि मेट्रो पायाशी. ते स्टेशन त्रेपन्न मीटर खोल आहे आणि सरकता जिना सत्त्याऐंशी मीटर लांब. माझी आई पहिल्यांदा वरून खाली बघून थबकली होती, तेव्हा सासूबाईंचा हात धरा. शेजारी लिफ्टही आहे.

२० तारखेच्या पुढे चौकाचौकांत निळे मोठे टब दिसतील. त्यात जिवंत कार्प मासे असतात. रबरी एप्रन घातलेला माणूस जाळीने मासा उचलतो, तराजूत टाकतो, आणि गिऱ्हाईकाने सांगितलं तर तिथेच फळीवर कापतो. फळीखाली पाणी गोठलेलं असतं आणि त्यात रुपयाएवढे खवले चमकत असतात. शाकाहारी घरातल्या मुलीला हे जड जाऊ शकतं, म्हणून आधी कल्पना द्या, पण रस्ता बदलून टाळू नका. त्या शहराचा सण समजतो तो तिथेच. आमच्या शेजारच्या आजींनी दर वर्षी एक खवला धुऊन, वाळवून मला दिला. तो पाकिटात ठेवला की वर्षभर पैसा टिकतो अशी समजूत. माझ्या पाकिटात अजून आहे.

त्याच आजी २४ ला कुबा करायच्या. बार्लीचा दलिया आणि सुकवलेले जंगली मशरूम, भरपूर लसूण, मरव्याच्या जातीचा मार्जोरम, सगळं भट्टीत भाजलेलं. मुळात उपासाचा पदार्थ असल्याने त्यात मांस नसतं. कुठे दिसला तर सोडू नका. एरवी बटाट्याचं धिरडं म्हणजे ब्रांबोराक आणि तळलेलं चीज म्हणजे स्माझेनी सीर मिळतं. धिरड्यात बहुधा अंडं असतं आणि चीजच्या आवरणात असतंच, चालत नसेल तर विचारून घ्या. सुपाचं पाणी मांसाचं असू शकतं, तेही प्रत्येक वेळी विचारा. तर्देलनिक नावाची साखरेतली भाजलेली नळकांडी जत्रेत जागोजागी दिसतील. लेकीला एक घेऊन द्या, पण प्रागचा पारंपरिक पदार्थ म्हणून त्याचं कौतुक करतात ते खरं नाही.

सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं हे: टेकडीवरचा प्रागचा किल्ला चढायचा नाही, उतरायचा. २२ नंबरची ट्राम पकडून पोहोर्झेलेत्सला उतरा आणि तिथून रमत गमत किल्ल्यात या. किल्ल्यातल्या सेंट व्हिटस कॅथीड्रलचं, म्हणजे मोठ्या चर्चचं, काम १३४४ मध्ये सुरू झालं आणि १९२९ मध्ये पुरं झालं. आत शिरल्यावर पाच मिनिटं नुसतं बसा. किल्ल्याचा दिवस २३ किंवा २७ धरा, २४ ला आतल्या इमारती बंद धरूनच चाला.

उतारावर खाली माला स्त्राना भागात विजयी मातेचं चर्च आहे. तिथे मी तुम्हाला आवर्जून पाठवणार, कारण मी नाशिकरोडची. आमच्याकडे फेब्रुवारीत बाळ येशूची यात्रा भरते, मुंबई, वसई, गोव्याहून भाविक येतात, आणि आमच्या घरासारखे कितीतरी हिंदूही मेणबत्ती लावायला जातात. त्या बाळ येशूचं मूळ स्थान हे. १६२८ मध्ये पोलिक्सेना या सरदारघराण्यातल्या बाईने स्पेनहून आलेली ही मूर्ती कार्मेलाइट पंथाच्या साधूंना दिली. मूर्ती जेमतेम सत्तेचाळीस सेंटीमीटरची, लाकडावर मेणाचा थर. नाताळाआधीच्या आगमनकाळात तिला जांभळा पोशाख असतो, नाताळ लागला की पांढरा. जगभरातून आलेले पोशाख वरच्या खोलीत मांडलेत. माझ्या आईने लहानपणापासून नाशिकला नमस्कार केलेला. मूळ मूर्ती इतकी लहान आहे हे पाहून ती बाकावर बसून रडली. तुमचं तसं नातं नसेल, तरी सासूबाईंना नक्की आवडेल, आणि तिकीट नाही.

२५ ला बरंच काही बंद असतं, पण ज्यू संग्रहालय शनिवार आणि ज्यू सण सोडून उघडं असतं, म्हणून २५ शनिवारी येत नसेल तर तो दिवस त्यासाठी ठेवा. त्यातल्या पिंकास सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, भिंतींवर नाझींनी मारलेल्या सुमारे ८०,००० झेक ज्यूंची नावं हाताने लिहिलेली आहेत. दहा वर्षांच्या मुलीला आत न्यायचं का, हे तुम्हीच ठरवा. मी माझ्या मुलाला बारा वर्षांचा झाल्यावर नेलं.

२४ च्या रात्री जवळच्या कुठल्याही चर्चमध्ये जा. बऱ्याच ठिकाणी याकुब यान रिबा यांनी १७९६ मध्ये लिहिलेली झेक मिसा, म्हणजे चर्चमधल्या उपासनेची गाणी, गातात. भाषा कळली नाही तरी चालेल, जन्माची गोष्ट आपल्याच गावात घडतेय अशा सुरात ती गायली जाते. चर्चमध्ये हीटर नसतात. बूट जाड तळव्याचे, मोजे लोकरीचे, कानटोपी हवीच. बर्फाची मात्र फार आशा धरू नका, नाताळात प्रागला बहुधा ओला, करडा दिवस असतो.

पैशांबद्दल. तिथे युरो नाही, कोरुना चालतो. रस्त्यावरच्या एका चलन बदलून देणाऱ्या केंद्रात मला फार कमी दर दिला गेला आणि ते पावती वाचल्यावर कळलं. तुमच्या बाबतीत तसं झालं तर १,००० युरोपर्यंतचा असा व्यवहार तीन तासांत रद्द करता येतो, २०१९ पासून कायदाच आहे. पावती जपा. शक्यतो बँकेच्या एटीएममधून काढा आणि मशीनने रुपयांत हिशेब करू का विचारलं तर नाही म्हणा.

शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसासाठी, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. डिसेंबरच्या तारखा लवकर संपतात, तेव्हा ऑगस्ट-सप्टेंबरातच उरका. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. एकच देश ठरवला की अर्ज कुठे करायचा हा घोळही राहत नाही.

आणि २३ ला दुपारी साडेतीनलाच चार्ल्स पुलाच्या ओल्ड टाउनकडच्या टोकाशी जाऊन उभ्या राहा. नाताळाआधीच्या दिवसांत जुन्या गणवेशातला एक माणूस लांब काठी घेऊन येतो आणि पुलावरचे गॅसचे दिवे एकेक करत हाताने लावत जातो. दिवा आधी निळसर फुरफुरतो, मग पिवळा होतो. मुलं त्याच्या मागे मागे चालतात. लेकीला पुढे सोडा, तुम्ही सासूबाईंबरोबर मागून सावकाश या. पूल अर्ध्या किलोमीटरहून थोडा लांब आहे, आणि तो माणूस काही घाईत नसतो.