आधी वाच, मग घे : तिकीटसंग्रह सुरू करू पाहणाऱ्या एका मुलीस पत्र

प्रिय मुली, अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मंगळवारी मिळाले. पहिल्या वर्षाच्या पगारातून शिल्लक टाकलेल्या पैशांत १८४० सालचे एक पेनी ब्लॅक, म्हणजे इंग्लंडचे ते काळे एक पेनीचे तिकीट, घ्यावे की शंभर व्हिक्टोरियन तिकिटांचे मिश्र पाकीट घ्यावे, असे तू विचारले आहेस. आणि कॅटलॉग उघडल्यावर दिसायला एकसारख्या असणाऱ्या लाल तिकिटाला इतके निरनिराळे क्रमांक का दिले आहेत हे न उमगल्यामुळे आपण या छंदाला लायकच नाही की काय, अशी शंका तू शेवटी व्यक्त केली आहेस. त्या शेवटच्या वाक्यामुळे मी त्याच रात्री उत्तर लिहायला बसलो. तो क्रमांकांचा गोंधळ तुला अडसर वाटतो आहे, पण तेच या छंदाचे दार आहे, आणि तू दारापाशी उभी राहून खिडकीची किंमत विचारते आहेस.

दोन्हींपैकी काहीही घेऊ नको. मी एवढ्या वर्षांत एकच गोष्ट शिकलो आणि ती फार उशिरा शिकलो: आधी वाच, मग घे. 'वाच' म्हणजे पुस्तके वाच असे मी म्हणत नाही, तीही वाचावी लागतीलच. तिकीट वाच असे म्हणतो.

पेनी ब्लॅकविषयी तू लिहिलेले बरेचसे बरोबर आहे. ते १ मे १८४० रोजी विक्रीला आले, ६ मेपासून अधिकृतपणे चालू झाले आणि वर्षाच्या आत बंदही झाले, कारण त्यावर मारलेला लाल शिक्का पुसून तिकीट पुन्हा वापरता येईल अशी धास्ती टपालखात्याला वाटू लागली. म्हणून १८४१च्या फेब्रुवारीत तिकीट लाल झाले आणि शिक्का काळा. मात्र ते दुर्मीळ आहे हा तुझा समज चुकीचा आहे. त्याच्या सुमारे ६ कोटी ८८ लाख प्रती छापल्या गेल्या होत्या. तिकिटांभोवती तेव्हा छिद्रे नसत. अनेक तिकिटे छापलेला अख्खा कागद, म्हणजे पत्रक, कात्रीने कापावे लागे आणि दोन तिकिटांमधली जागा इतकी अरुंद असे की चारही बाजूंचे समास शाबूत राहिलेली प्रत हातात येणे ही नशिबाची गोष्ट. किंमत त्या चार समासांची असते. आणि जिथे एका मिलिमीटर कागदासाठी लोक दुप्पट-तिप्पट पैसे मोजतात, तिथे तो मिलिमीटर खोटा करणारेही असतात.

हे मी ऐकीव सांगत नाही. तुझ्यापेक्षा थोडा मोठा असताना मी लंडनला राहणाऱ्या एका नातेवाइकामार्फत पेनी ब्लॅक मागवले. परकीय चलन मिळणे तेव्हा किती अवघड होते याची कल्पना तुला येणार नाही; त्या एका तिकिटासाठी मी दोन वर्षे दुसरा कोणताही खर्च केला नाही. चार स्वच्छ समास, वर माल्टीज क्रॉसचा, म्हणजे क्रुसाच्या आकाराचा, लाल शिक्का. सात वर्षे मी ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवले. आठव्या वर्षी एका जाणत्या संग्राहकाने ते चिमट्याने उलटे केले, काळ्या फरशीच्या तुकड्यावर ठेवून त्यावर बेंझिनचा एक थेंब सोडला, आणि उजव्या बाजूचा समास मागून चिकटवलेला आहे हे मला बसल्या जागी दिसले. सात वर्षांत मी ते तिकीट एकदाही उलटून पाहिले नव्हते. विकणाऱ्याने फसवले हे खरेच. परंतु वाचता येत नसताना घेतले हा दोष माझा होता, आणि तो मी कुणावरही ढकलत नाही.

तेव्हा सुरुवात पेनी रेडपासून, म्हणजे काळ्यानंतर आलेल्या त्या लाल तिकिटापासून कर. १८४१ ते १८७९ अशी जवळजवळ चार दशके हे तिकीट इंग्लंडच्या पत्रांवर बसत होते, अब्जावधींच्या संख्येने छापले गेले, आणि म्हणूनच त्याच्या साध्या प्रती आजही तुझ्यामाझ्या ऐपतीत आहेत. वर मात्र तीच राणी व्हिक्टोरिया आहे, विल्यम वायनने १८३७ साली घडवलेल्या पदकावरून घेतलेला तोच तरुण चेहरा, तेच पर्किन्स बेकनच्या छापखान्यातले पोलादी पट्टीवरचे कोरीवकाम.

आता ते कसे वाचायचे ते नीट ऐक. एका पत्रकात २४० तिकिटे असत, वीस आडव्या ओळी आणि प्रत्येक ओळीत बारा. त्या काळी बारा पेन्सांचा शिलिंग आणि २४० पेन्सांचा पौंड होई, म्हणजे एक ओळ एक शिलिंगाची आणि पूर्ण पत्रक एक पौंडाचे. टपालखिडकीवरच्या कारकुनाला हिशेब करायची गरजच पडत नसे. तिकिटाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातले अक्षर ओळ सांगते आणि उजव्या कोपऱ्यातले अक्षर त्या ओळीतली जागा. डी आणि एच दिसले तर ते चौथ्या ओळीतले आठवे तिकीट. पहिले ए-ए, शेवटचे टी-एल. ही अक्षरे छापपट्टीवर एकेक करून हाताने ठोकलेली असत, त्यामुळे कुठे अक्षर किंचित कलते, कुठे चौकटीला टेकते, कुठे दोनदा ठोकल्याची सावली उमटते. १८६४ पासून चारही कोपऱ्यांत अक्षरे आली, वरची जोडी खालच्या जोडीच्या उलट क्रमाने, जेणेकरून दोन वापरलेल्या तिकिटांचे स्वच्छ भाग जोडून नवे तिकीट बनवणाऱ्यांना आळा बसावा. शिवाय दोन्ही बाजूंच्या जाळीदार नक्षीत प्लेटचा, म्हणजे त्या छापपट्टीचा, क्रमांक कोरला गेला. भिंगाखाली तो शोधायला पहिल्यांदा तुला वीस मिनिटे लागतील. महिन्याभराने वीस सेकंद.

हे क्रमांक ७१ पासून २२५ पर्यंत जातात. त्यांतील ७५, १२६ आणि १२८ या प्लेटची तिकिटे निघालीच नाहीत. ७७ क्रमांकाची प्लेट नाकारली गेली होती, तरी तिची मोजकी तिकिटे बाहेर पडली आणि आज त्यांच्या किमती आपल्या घरांच्या किमतींशी स्पर्धा करतात. तुला कुणी स्वस्तात ७७ देऊ केले तर ते १७७ आहे आणि पहिला आकडा शिक्क्याखाली दडला आहे किंवा मुद्दाम खरवडला आहे, असेच समजून चाल. उरल्या १५१ प्लेट. त्यांपैकी बहुतेक अगदी माफक किमतीत मिळतात. २२५ साठी मात्र हात सैल सोडावा लागतो.

त्याआधीच्या तिकिटांवर प्लेटचा क्रमांक नसतो, पण वाचण्यासारखे पुष्कळ असते. कागद निळसर आहे की पांढरा? सुरुवातीच्या शाईतील एका क्षारामुळे कागदाला निळी झाक येई. कडा कापलेल्या आहेत की छिद्रांच्या? हेन्री आर्चरच्या प्रयत्नांमुळे छिद्रे पाडण्याचे यंत्र आले आणि १८५४ पासून ती सरसकट तिकिटांवर दिसू लागली. आधी दोन सेंटिमीटरांत सोळा, मग चौदा, कारण सोळांमुळे पत्रक हाताळतानाच फाटे. जलचिन्हातला, म्हणजे कागदातच उमटवलेल्या खुणेतला, मुकुट लहान आहे की मोठा? १८५५ साली तो बदलला. कॅटलॉगमधले जे क्रमांक पाहून तू घाबरलीस ते या प्रश्नांच्या उत्तरांवरून पडलेले आहेत, दुसरे काही नाही. प्रश्न विचारायला शिकलीस की क्रमांक आपोआप सापडेल.

शंभर तिकिटांच्या मिश्र पाकिटाला मी नको म्हणतो त्याचेही कारण हेच. त्यात बहुतेक १८८१चे जांभळे पेनी लायलॅक भरलेले असेल, कारण ते ३,३०० कोटींहून अधिक छापले गेले. त्यावरही वाचण्याजोगे आहे. कोपऱ्यांत चौदा ठिपके असलेले पहिल्या काही महिन्यांचे, सोळा ठिपके असलेले नंतरचे, आणि दोहोंच्या किमतींत मोठे अंतर. पण तू पाकीट घेशील, ती शंभर तिकिटे एका संध्याकाळी अल्बममध्ये लावशील आणि ठिपके मोजणार नाहीस. मीही मोजले नव्हते.

आता पाण्याविषयी. तिकिटे कागदावरून सोडवायला पाण्यात टाकतात, हे तू शाळेतच शिकली असशील. पेनी रेडला साधे पाणी सोसते. पण पेनी लायलॅक आणि १८८३-८४ ची जांभळी व हिरवी तिकिटे पाण्याच्या जवळसुद्धा नेऊ नको. ती तिकिटे महसुलासाठीही, म्हणजे पावत्या-दस्तांवरही चालत, आणि लेखणीची शाई धुऊन कुणी ती पुन्हा वापरू नयेत म्हणून त्यांचा रंग मुद्दामच कच्चा ठेवला होता. माझे एक शिलिंगाचे हिरवे तिकीट मी पितळी वाटीतल्या पाण्यात सोडले आणि चहा घेऊन परत येईपर्यंत राणीचा चेहरा पिवळट होऊन गेला होता.

तरीही ते तिकीट गेल्याचे मला फारसे वाईट वाटत नाही. जे वाईट वाटते ते सांगतो. माझ्या पणजोबांची पत्रे आमच्या राजापूरच्या घरी एका ट्रंकेत होती. ते मुंबईला नोकरीला होते आणि तिथून घरी मोडीत लिहीत. काही पाव आण्याची पोस्टकार्डे होती, १८७९ साली सुरू झालेली. काही अर्ध्या आण्याची पाकिटे. मी अकरा वर्षांचा होतो. मी पाकिटांवरची व्हिक्टोरियाची तिकिटे भिजवून काढली, वाळवली, वहीत चिकटवली, आणि उरलेली पाकिटे आंघोळीच्या बंबात गेली. ती तिकिटे आजही माझ्यापाशी आहेत. सुटी असताना त्यांना काही मोल नाही, बाजारात नाही आणि माझ्या लेखीही नाही. पत्र मुंबईहून कधी निघाले, वाटेत कुठे थांबले, राजापूरला कोणत्या दिवशी पोहोचले, हे सगळे त्या पाकिटांच्या पाठीवरच्या शिक्क्यांत लिहिलेले होते, आणि आतली मोडी वाचता येणारी माझी आजी तेव्हा शेजारच्या खोलीत बसलेली होती. मी तिला विचारले नाही. म्हणून मी तुला इतक्या वेळा सांगतो आहे, आणि तू कंटाळलीस तरी सांगणार आहे: आधी वाच. तुझ्या आजोळी जुनी पत्रे असतील तर कात्री लावू नको, भिजवू नको, पाकिटातून तिकीट सोडवू नको. पाकीट जसे आहे तसे ठेव. ब्रिटनच्या तिकिटांइतकीच १८५४ पासूनची भारतीय व्हिक्टोरियन तिकिटेही तुझीच आहेत, आणि १८६५ नंतरच्या कित्येकांत जलचिन्हात हत्तीचे डोके सापडेल.

गुंतवणुकीविषयीचा तुझा परिच्छेद मी दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा चिडलो. पैसे वाढवायचे असतील तर बँकेत जा, आणि हा प्रश्न मला पुन्हा विचारू नको. कॅटलॉगमधला भाव हा चांगल्या प्रतीचा, दुकानदाराने विकतानाचा भाव असतो. तू विकायला जाशील तेव्हा तो तुला मिळणार नाही. माझा मुलगा मला म्हणतो की बाबा, तुम्ही एकच लाल तिकीट दीडशे वेळा घेतलेत, त्या पैशांत एखादी मोठी वस्तू आली असती. आली असती. माझ्याबरोबर सुरुवात केलेल्या दोघांनी मोठ्या वस्तू घेतल्या, नावही कमावले, आणि त्यांचा निर्णय चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. परंतु १५१ पैकी १४३ प्लेट मी स्वतः भिंगाखाली ओळखून जमवल्या आहेत. त्यांतील अकरा अशा होत्या ज्यांचा क्रमांक विकणाऱ्याने चुकीचा लिहिला होता आणि मी बरोबर वाचला. मी हट्टी आहे असे घरात सगळेच म्हणतात. त्या समास चिकटवलेल्या तिकिटानंतर माझ्यापाशी हट्टाशिवाय दुसरे काय उरले होते?

वस्तू थोड्याच लागतील. दहापट मोठे दाखवणारे भिंग, टोके सपाट असलेला चिमटा, छिद्रे मोजण्याची पट्टी. तिकिटाला बोट लावायचे नाही. सेलोटेप घरात असेल तर ती दुसऱ्या खोलीत ठेव. अल्बम उभे ठेवायचे, आडवे रचायचे नाहीत. आणि तू मुंबईत राहतेस, तेव्हा जून ते सप्टेंबर न वापरलेली, मूळ गोंदाची तिकिटे घेण्याचा विचारसुद्धा करू नको, कारण तो गोंद आपल्या हवेत पानाला धरतो आणि कागदावर तपकिरी डाग पडतात. वापरलेली, शिक्का असलेली घे. विकणाऱ्याकडे मागच्या बाजूचे छायाचित्र माग. तो देत नसेल तर ते तिकीट तुझे नाही.

या पत्रासोबत पारदर्शक पाकिटात एक पेनी रेड पाठवतो आहे. चार अक्षरांपैकी दोन शिक्क्याखाली गेली आहेत, पण वरची आणि खालची जोडी एकमेकींच्या उलट असतात हे लक्षात ठेवलेस तर ती तुला काढता येतील. प्लेटचा क्रमांक डाव्या बाजूला पुसट आहे, उजवीकडे पाहा. ओळ कितवी, जागा कितवी, प्लेट कोणती, आणि छिद्रांची एक कड किंचित आखूड का दिसते, हे मला लिहून पाठव. फोनवर सांगू नको, पत्राने कळव. आणि ते पत्र येईपर्यंत कुठेही बोली लावू नको.

तुझा,
काका