'नोंद', 'नोंदणी' आणि 'मोजणी'

प्रश्न असा आहे: शेतजमिनीचे खरेदीखत आणि त्यासोबतची कागदपत्रे भाषांतरासाठी वाचताना 'नोंद', 'नोंदणी', 'मोजणी' आणि 'भूमापन' हे शब्द वारंवार येतात. एका कागदात 'जमिनीची नोंदणी झाली' असे खरेदीखताविषयी म्हटले आहे, तर दुसऱ्यात तेच वाक्य सातबाऱ्याविषयी आले आहे. हे शब्द एकमेकांऐवजी वापरता येतात का, आणि येत नसतील तर कोणता शब्द कोठे वापरावा?

महाराष्ट्रातील जमिनीच्या व्यवहारापुरते उत्तर द्यायचे तर हे शब्द एकमेकांऐवजी वापरता येत नाहीत. 'नोंद' आणि 'नोंदणी' यांचे मूळ एकच असल्यामुळे रोजच्या बोलण्यात त्यांची अदलाबदल खपून जाते; लग्नाची नोंद केली काय किंवा नोंदणी केली काय, ऐकणाऱ्याला अर्थ कळतो. जमिनीच्या बाबतीत मात्र या दोन शब्दांमागे दोन वेगळे कायदे, दोन वेगळी कार्यालये आणि दोन वेगळ्या वह्या उभ्या आहेत, आणि 'मोजणी'मागे तिसरे कार्यालय आहे. म्हणून प्रत्येक वेळी 'कशाची?' हा प्रश्न विचारावा. नोंदणी दस्ताची होते, नोंद हक्काची होते आणि मोजणी जमिनीची होते. या हिशेबाने 'जमिनीची नोंदणी' हा प्रयोग सैल आहे, कारण आपल्याकडे जमिनीची नोंदणी कोणीच करत नाही.

प्रथम 'नोंदणी' पाहू. १९०८च्या नोंदणी अधिनियमानुसार दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जो नोंदवला जातो तो दस्त असतो, म्हणजे खरेदीखत, बक्षीसपत्र, गहाणखत, दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा असा कागद. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत दस्तानेच झाली पाहिजे, असे १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ५४ सांगते. ही शंभर रुपयांची मर्यादा त्या काळी मोठी असेल, आज तिच्यातून काहीच सुटत नाही. दस्तावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो नोंदणीसाठी हजर करावा लागतो. दुय्यम निबंधक दस्त लिहून देणारा कोण आहे आणि त्याला दस्त कबूल आहे का हे पाहतो, मुद्रांक शुल्क भरले आहे का हे तपासतो आणि दस्ताची प्रत सरकारी अभिलेखात कायम ठेवतो. विकणाऱ्याची मालकी निर्वेध आहे की नाही याचा निवाडा तो करत नाही आणि जमीन मोजायला तर तो मुळीच जात नाही. त्यामुळे 'नोंदणी झाली' याचा नेमका अर्थ एवढाच की अमुक व्यक्तीने अमुक दस्त करून दिला, याचा सरकारदरबारी पक्का पुरावा तयार झाला. बोलीभाषेतले 'खरेदीखत रजिस्टर केले' हे वाक्य या दृष्टीने छापील भाषेपेक्षा अचूक आहे, कारण त्यात कर्म बरोबर जागेवर आहे.

'नोंद' ही तलाठ्याच्या दप्तरातली गोष्ट आहे. १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे प्रत्येक गावाचा अधिकार अभिलेख ठेवला जातो आणि त्यात होणारा प्रत्येक बदल आधी फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये लिहिला जातो. 'फेरफार' म्हणजे हा बदल, आणि त्या वहीतल्या अनुक्रमांकाने ओळखली जाणारी ती 'फेरफार नोंद'. नोंद लिहिल्यावर हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी मुदत मिळते, हरकत आली तर ती 'तक्रारी नोंद' ठरून तिची सुनावणी होते, आणि शेवटी बहुधा मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. त्यानंतरच सातबाऱ्यावर नवे नाव येते. सातबारा हा शब्दही असाच दोन नमुन्यांच्या जोडीतून झाला आहे: गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख आणि गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही. या दोहोंची मिळून दिलेली नक्कल तो 'उतारा'. मूळ वहीतून उतरवून घेतलेला म्हणून उतारा. एखाद्याच्या नावावर गावात एकूण किती जमीन आहे हे पाहायचे असेल, तर त्यासाठी आठ-अ हा खात्याचा वेगळा उतारा आहे.

दोन्ही शब्दांतला फरक क्रियापदांतून अधिक स्पष्ट होतो, आणि भाषेच्या दृष्टीने मला हा भाग सर्वांत रोचक वाटतो. दस्त 'लिहून देतात', 'हजर करतात', 'कबूल करतात' आणि 'नोंदवतात'. नोंद मात्र तलाठी 'धरतो' किंवा 'घेतो', मंडळ अधिकारी ती 'मंजूर' किंवा 'रद्द' करतो, आणि तिचा परिणाम म्हणून सातबाऱ्यावर नाव 'लागते', 'चढते' किंवा 'कमी होते'. कर्जाचा बोजाही चढतो आणि उतरतो. 'दस्त धरला' असे कोणी म्हणत नाही आणि 'नाव नोंदणीकृत झाले' असे गावात कोणी बोलत नाही. ही क्रियापदे ज्या नामाबरोबर येतात त्यावरून लिहिणाऱ्याला कोणती क्रिया अभिप्रेत आहे हे ओळखता येते. आपल्यासमोरच्या दुसऱ्या कागदात 'जमिनीची नोंदणी मंजूर झाली' असे वाक्य असेल, तर तेथे 'नोंद' हा शब्द हवा होता, हे 'मंजूर'वरून निश्चित होते.

नोंदणी झाली म्हणजे नोंद झालीच असे नाही, आणि नोंदणीशिवायही नोंद होऊ शकते. खातेदार मरण पावला की त्याच्या वारसांची नावे लागतात ती 'वारस नोंद'. तेथे कोणताही दस्त झालेला नसतो, म्हणून नोंदणीचा प्रश्नच येत नाही. मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे, पण त्यावरून नोंदीसाठी अर्ज करता येतो. याउलट साठेखत नोंदवलेले असले तरी तो विक्रीचा करार आहे, विक्री नव्हे, आणि त्याने जमिनीत मालकीचा हितसंबंध निर्माण होत नाही, म्हणून त्यावरून खरेदीदाराचे नाव मालक म्हणून लागत नाही. खरेदीखताच्या बाबतीत कायद्याने दोन कार्यालयांमध्ये एक दुवा ठेवला आहे. हक्क मिळाल्याची वर्दी तीन महिन्यांत तलाठ्याला द्यावी असा सर्वसाधारण नियम आहे, परंतु ज्याला हक्क नोंदणीकृत दस्ताने मिळाला त्याला ही वर्दी देण्यातून सूट आहे, कारण दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याने स्वतःच तलाठ्याला कळवायचे असते. 'वर्दी' हा शब्द येथे गणवेशाच्या अर्थाने नाही, बातमी देण्याच्या अर्थाने आहे. गावच्या दप्तरातून तो अजून पूर्णपणे गेलेला नाही.

येथे एका समजुतीविषयी लिहिणे भाग आहे, कारण ती शब्दांच्या याच गोंधळातून वाढली आहे. सातबारा हा मालकीचा अंतिम दाखला आहे असे अनेक जण मानतात. संहितेचे कलम १५७ एवढेच सांगते की अधिकार अभिलेखातली आणि प्रमाणित झालेली फेरफार नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाईल. हे गृहीतक आहे, आणि पुराव्याने ते खोडता येते. महसुली नोंद मालकी हक्क निर्माण करत नाही, असे न्यायालयांनीही अनेकदा सांगितले आहे. जगात काही ठिकाणी याहून निराळी पद्धत आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्स यांच्या पुढाकाराने १८५८मध्ये जी पद्धत आली तिच्यात सरकार दस्त न नोंदवता थेट हक्कच नोंदवते आणि त्याची हमी घेते. नोंदवहीत ज्याचे नाव तो मालक. मराठीत या दोन पद्धतींसाठी 'दस्तनोंदणी' आणि 'हक्कनोंदणी' असे शब्द योजावेत आणि आपल्या सातबाऱ्यासाठी 'हक्कनोंद' एवढेच म्हणावे, अशी माझी सूचना आहे. 'हक्कनोंद' आणि 'हक्कनोंदणी' यांत एका अक्षराचा फरक आहे हे मान्य, पण तो फरक पाळला तर मोठा घोटाळा टळतो.

आता 'मोजणी' आणि 'भूमापन'. यांपैकी दुसरा शब्द कायद्यातला आणि व्यापक आहे. शासनाने संपूर्ण गाव किंवा तालुका मोजून प्रत्येक शेताला क्रमांक दिला, त्याचे क्षेत्र काढले, नकाशा केला आणि शेतावर आकार, म्हणजे सारा, बसवला, की त्या सगळ्या कामाला भूमापन व जमाबंदी म्हणतात. मुंबई इलाख्यात प्रिंगल या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १८२०च्या दशकाअखेर पुणे भागात केलेला प्रयत्न फसला, आणि १८३०च्या दशकाच्या मध्यास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने सुरुवात केली. त्यांच्या पद्धतीचे नियम १८४७च्या संयुक्त अहवालात पक्के झाले. 'सर्व्हे नंबर' हा शब्द त्या पद्धतीतून खेड्यापाड्यांत पोहोचला आणि 'भूमापन क्रमांक' हा शासकीय पर्याय सातबाऱ्यावर छापला जात असूनही बोलण्यात कधीच रुळला नाही. १९४७च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्याखाली ज्या गावांत विखुरलेले तुकडे एकत्र केले गेले तेथे सर्व्हे नंबरांच्या जागी 'गट नंबर' आले. म्हणून जुन्या खरेदीखतातला स.नं. आणि आजच्या सातबाऱ्यातला गट नं. हे आकडे जुळले नाहीत तर त्यात चूक असेलच असे नाही, पण भाषांतरात एकाच्या जागी दुसरा लिहिणे ही निश्चितच चूक आहे.

'मोजणी' म्हणजे एखाद्या खातेदाराच्या अर्जावरून त्याच्या विशिष्ट जमिनीचे केलेले मोजमाप. गावात लोक 'मोजणी आणली' म्हणतात, जणू ती तालुक्याहून आणायची वस्तू आहे. हे काम भूमि अभिलेख खात्याचे. शेजाऱ्याशी बांधावरून वाद असेल तर 'हद्द कायम मोजणी', वाटणी करायची असेल तर 'पोटहिस्सा मोजणी', आणि झालेली मोजणी मान्य नसेल तर वरिष्ठाकडून फेरतपासणीसाठी 'निमताना मोजणी'. अखेरचा शब्द कार्यालयाबाहेर फारसा कोणाला ठाऊक नसतो. पण भाषांतरात त्याच्या जागी 'फेरमोजणी' घातल्यास वरिष्ठाकडे दाद मागितल्याचा अर्थ हरवतो. मोजणीचा आधार जुने अभिलेख असतात: शेताच्या मूळ आकृतीचे 'टिपण', क्षेत्र काढण्याचे 'गुणाकार बुक', पोटहिश्श्यांची 'फाळणी'. मोजणी अधिकारी आज साखळीऐवजी उपग्रहांवर चालणारे रोव्हर यंत्र घेऊन आला तरी हद्द तो या कागदांशी ताडूनच दाखवतो. अर्जदाराच्या हाती शेवटी जो नकाशा पडतो तो 'क-प्रत' या नावाने ओळखला जातो.

मोजणाऱ्या कर्मचाऱ्याच्या पदनामात एक शब्द टिकून आहे, त्याकडे लक्ष द्यावे. तो 'भूमापक' नाही, 'भूकरमापक' आहे. भू, कर आणि मापक. शेतवार नकाशा आणि शेतवार नोंद ठेवण्याची ही सगळी पद्धत मुळात कर बसवण्यासाठी आली, मालकी सिद्ध करण्यासाठी नव्हे, ही गोष्ट त्या मधल्या 'कर'मध्ये लिहिलेली आहे. शेताच्या साऱ्याला 'आकार' म्हणतात आणि गावातल्या सर्व क्रमांकांचे क्षेत्र व आकार ज्यात आहेत तो 'आकारबंद'. येथे आकार म्हणजे घाट किंवा आकृती नव्हे, आकारणी. शब्दकोशातला पहिला अर्थ उचलून कोणी 'आकारबंद'चा संबंध नकाशाशी लावला तर सारा अर्थ फिरतो. त्याचप्रमाणे 'पोटखराबा' म्हणजे त्या क्रमांकाच्या पोटात असलेले पण लागवडीला अयोग्य ठरवलेले क्षेत्र. त्यावर सहसा आकार बसत नाही, म्हणून ते निराळे दाखवतात.

मापांविषयी थोडक्यात. ३३ फूट बाजूचा चौरस म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. सातबाऱ्यावर आज हेक्टर आणि आर असतात, आणि एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर. गुंठा १०१.१७ चौरस मीटरच्या आसपास येत असल्यामुळे बोलताना लोक आरलाच गुंठा म्हणतात. बोलण्यात ते चालते. खरेदीखताच्या भाषांतरात मूळ कागदात जे माप आहे तेच ठेवावे आणि रूपांतर करायचेच असेल तर ते वेगळे दाखवावे.

शहरी मिळकत असेल तर शब्दांचा संच बदलतो. तेथे 'नगर भूमापन' झालेले असते, क्रमांक 'नगर भूमापन क्रमांक' किंवा बोलण्यात सिटी सर्व्हे नंबर असतो आणि सातबाऱ्याच्या जागी 'मिळकत पत्रिका' येते. नाव बदलण्याची क्रिया मात्र तेथेही 'फेरफार'च आहे, आणि 'नोंदणी' तेथेही दस्ताचीच होते.

विचारणाऱ्याच्या दोन वाक्यांपुरता निर्णय असा. पहिल्या कागदातले 'जमिनीची नोंदणी झाली' हे 'खरेदीखताची नोंदणी झाली' असे करावे आणि नोंदणीचा क्रमांक व दिनांक तेथेच द्यावा. दुसऱ्या कागदातले 'सदर खरेदीची फेरफार नोंद मंजूर होऊन सातबाऱ्यावर खरेदीदाराचे नाव लागले' असे लिहावे, आणि फेरफार क्रमांक दिला असेल तर तो गाळू नये. तो क्रमांक हाती असेल तर ही नोंद कोणत्या कागदाच्या आधारे झाली, तेथपर्यंत मागे जाता येते.