ताप हटत नसेल तर झडपांकडे बघ

बरेच दिवसांचा ताप, वजन उतरलेलं, आणि आधीच कुणीतरी अँटिबायोटिकचा अर्धामुर्धा कोर्स दिलेला. असा पेशंट आला की एंडोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या आतल्या अस्तराचा आणि झडपांचा जंतुसंसर्ग, मनात आणायचाच. कृत्रिम झडप, जुना ऱ्हुमॅटिक झडपदोष किंवा पेसमेकर असेल तर आधी तोच.

एक गोष्ट पक्की धर: अँटिबायोटिकच्या आधी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी). तीन संच, तीन वेगळ्या जागी टोचून, पहिल्या आणि शेवटच्यात किमान तासाचं अंतर. मोठ्या माणसात प्रत्येक बाटलीत साधारण १० मिली रक्त हवं. आधीच लावलेल्या कॅन्युलातून (शिरेतल्या नळीतून) ओढू नकोस. त्वचेवरचा जंतू उगवला की तो खरा की बाहेरचा, यावर वाद घालत बसशील. पेशंट अत्यवस्थ असेल तर मात्र घड्याळ बघू नकोस, भराभर कल्चर घे आणि औषध सुरू कर.

हातपाय चांगल्या उजेडात बघ. बोटाच्या टोकाची दुखरी गाठ ती ऑस्लरची, तळव्यावरचा न दुखणारा लालसर डाग जेनवेचा. हे फार थोड्या जणांत दिसतं, त्यामुळे नाही सापडलं म्हणून निदान खोडायचं नाही.

छातीवरून केलेला इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल आला की सगळे निर्धास्त होतात. तू होऊ नकोस. संशय दाट असेल तर अन्ननलिकेतून इको, आणि तोही निगेटिव्ह आला तर ५ ते ७ दिवसांनी पुन्हा. निदानाचे ड्यूक निकष २०२३ मध्ये सुधारलेत, तेच वापर.

मर्मर (हृदयाचा जादा आवाज) रोज ऐक, ईसीजीही रोज काढ. महाधमनीच्या झडपेला संसर्ग असताना ईसीजीतलं पीआर अंतर (वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत विद्युतसंदेश पोचायचा वेळ) लांबू लागलं तर महाधमनीच्या मुळाशी गळू असू शकतं. सर्जनला त्याच दिवशी कळव.